पांढरा कोपरा

बॉक्सिंग जास्त कठीण की एमएमए, असं विचारणाऱ्या माणसाने सहसा दोन्हींत कधी मार खाल्लेला नसतो. मुलुंडच्या ज्या शाळेत मी पीटी शिकवते, तिथल्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न अधूनमधून माझ्या पुढ्यात येतो. एमएमए म्हणजे ते पिंजऱ्यातलं. हात चालतात, पाय चालतात, गुडघे चालतात, खाली पाडून गळा आवळलेलाही चालतो. मी कॉलेजात असेपर्यंत बॉक्सिंग खेळले हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे, आणि माझी धाकटी बहीण पिंजऱ्यात उतरली होती हे तर फोनमुळे आता जगाला माहीत आहे. त्यामुळे मी म्हणजे या विषयातली तज्ज्ञ. गणिताच्या सरांना दोन फलंदाजांमध्ये भारी कोण, त्या चालीवर उत्तर हवं असतं. मी "दोन्ही कठीण" म्हणते आणि डबा उघडते.

खरं उत्तर मला ठाऊक आहे. पण ते द्यायचं तर घाटकोपरच्या एका हॉलपासून सुरुवात करावी लागेल, आणि मधली सुट्टी तेवढी मोठी नसते.

आम्ही घाटकोपरला डोंगराच्या कडेच्या वस्तीत वाढलो. आजोबा परभणीकडून आले, पप्पा इथेच जन्मले आणि औषधांच्या एका गोदामात नोकरीला लागले. विहाराच्या मागे समाजमंदिराचा हॉल होता. सकाळी त्यात बालवाडी भरायची, संध्याकाळी बॉक्सिंग, आणि लग्नसराईत दोन्हींना सुट्टी. बॉक्सिंग शिकवणारे सर वस्तीतलेच. उंचीने बेताचे, नाक एका बाजूला कललेलं, आवाज मात्र असा की लाउडस्पीकर लागू नये. तरुणपणी ते ज्या सरकारी खात्यात नोकरीला होते त्याच्या संघातून खेळले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वस्तीतली पोरं गोळा केली आणि मग, काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी, पोरीही. मी शाळेतून रोज रडत यायचे म्हणून पप्पांनी मला तिथे घातलं. धाकटी माझ्यामागे आली, कारण ती सगळीकडेच माझ्यामागे यायची.

हॉलमध्ये रिंग नव्हती. सरांनी फरशीवर ऑइलपेंटने चौकोन आखला होता आणि त्याचे कोपरे रंगवले होते. एक लाल, एक निळा, दोन पांढरे. लाल आणि निळा लढणाऱ्यांचे. पांढरे कुणाचेच नाहीत. बॉक्सिंगचा नियम असा आहे की तुमच्या ठोशाने समोरचा पडला तर तुम्ही तिथे उभं राहायचं नाही, चालत पांढऱ्या कोपऱ्यात जायचं. मग रेफरी आठपर्यंत मोजतो. तेवढ्यात पडलेला उठला, सावरला, तर पुन्हा सुरू. तुम्ही कोपऱ्यात गेला नाहीत तर तो मोजणंच थांबवतो.

हा नियम सगळीकडचा. सरांनी त्यात स्वतःची भर घातली होती. कोपऱ्यात जायचं आणि तोंड भिंतीकडे करून उभं राहायचं. "पडलेल्या माणसाकडे बघायचं नाही," ते म्हणायचे. "त्याचं उठणं त्याला करू दे. तू कोण बघणारा?" कुणी घामाने ओल्या झालेल्या फरशीवर नुसता घसरला तरी हा नियम लागू. कुणी बघत राहिला, किंवा पाडल्याच्या आनंदात हात वर केले, की सर खेळ थांबवायचे आणि त्याला उठाबशा काढायला लावायचे. सर असं का करायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही पोरींनी त्यावर खूप गोष्टी रचल्या, एकही खरी नसावी.

हे आमच्या इतकं अंगात भिनलं होतं की एकदा घरी आई ओल्या लादीवर घसरून बसली, तर तिला उठवायचं सोडून आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या. आईच्या हातात लाटणं होतं. तिने ते उगारलं, पण मग तिला इतकं हसू आलं की ती बराच वेळ खालीच बसून राहिली. पुढे जिल्ह्याच्या स्पर्धांमध्येही आमची ओळख तीच झाली. पंच म्हणायचे, ती बघा घाटकोपरची भिंतीवाली पोरं. रिंगमध्ये भिंत नसते, म्हणून आम्ही कोपऱ्यातल्या खांबाकडे तोंड करायचो. काही जण हसायचे. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो, आणि तोच माझा खरा त्रास आहे.

माझं बॉक्सिंग फार लांबलं नाही. उजव्या हाताचं हाड मोडलं, नीट जुळलं नाही, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते आईने माझ्याआधी मान्य करून टाकलं. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही झालं. मी बरी होते. धाकटी चांगली होती. ती डावखुरी आहे, आणि तिचा डावा हात कुठून आला हे समोरचीला खाली बसल्यावरच कळायचं. सर कुणाचं तोंडावर कौतुक करायचे नाहीत. तिच्या बाबतीत ते फक्त गप्प व्हायचे, आणि ते आम्हाला पुरायचं.

राज्याच्या निवडीत ती तीनदा शेवटपर्यंत गेली आणि तीनदा गुणांवर हरली. शेवटच्या वेळी पंचांनी दुसरीचा हात वर केला तेव्हा ती त्यांच्याकडे बघून मान हलवत होती, जसं काही त्यांनी तिला पत्ता विचारला होता आणि तिला तो माहीत नव्हता. खेळाडू म्हणून नोकरी मिळायचं वय त्याच वर्षी उलटलं. मग तिला पवईत काम मिळालं, तळ्याच्या बाजूच्या ऑफिसांच्या इमारतीत एक जिम आहे तिथे. काम पॅड धरण्याचं. पॅड म्हणजे तळहातावर चढवायच्या कातडी गाद्या. समोरचा त्यावर ठोसे मारतो आणि आपण झेलत राहायचं. लॅपटॉपवर बसून पाठ आखडलेले लोक सकाळी येऊन तिच्या हातांवर राग काढायचे आणि विचारायचे, "हाउ वॉज इट?" ती म्हणायची, "झकास." जी मुलगी मारण्यासाठी जन्मली होती ती रोज मार झेलत उभी, हे मला बघवत नव्हतं. तिला तर जगवतच नव्हतं.

म्हणून ती अंधेरीला गेली. लिंक रोडच्या जवळ, फर्निचरच्या एका शोरूमच्या वर, एमएमएचा क्लास होता. कोच बोरिवलीचा, तिच्यापेक्षा थोडाच मोठा, बोलायला गोड आणि शिकवायला कसाई. पवईचं काम उरकून ती तिथे जायची, आणि रविवारी दुपारी मुलुंडला माझ्याकडे यायची. माझं लग्न होऊन मी तिथे आले होते. मॅटवर घासून, सुजून तिच्या कानाची भजी झालेली असायची. मी बर्फ धरायचे आणि ती तक्रार करत बसायची. तिच्या तक्रारीत जो आनंद होता तो मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते.

"ताई, बॉक्सिंगमध्ये दम लागला की आपण काय करायचो? मिठी मारायचो ना. रेफरी येऊन सोडवेपर्यंत दोन श्वास मिळायचे. इथे मिठीलाच काम सुरू होतं. तिथूनच उचलून आपटतात."

"आणि पडल्यावर?"

"पडल्यावर तर खरी वाट लागते. काल कॉलेजची एक मुलगी माझ्यावर गोणीसारखी पडून राहिली. मारत नव्हती, काही नाही, नुसती पडून. मला श्वास घेता येईना यार. इतकी वर्षं ठोसे खाल्ले, पण असं माझ्या छातीवर कोणी बसलं नव्हतं."

मी बॉक्सिंगच्या बाजूने भांडायचे. म्हणायचे, सगळं काढून घेऊन फक्त दोन मुठी हातात ठेवायच्या आणि त्यातूनच समोरचीपेक्षा हुशार ठरायचं, हे जास्त अवघड. सगळंच चालत असेल तर काहीतरी लागेलच. ती म्हणायची, "तुला बोलायला काय जातंय? बॉक्सिंगमध्ये काय येणार ते माहीत असतं. कुठून येणार एवढंच बघायचं. इथे काय येणार तेच माहीत नसतं." आणि मग मला पटायचं. कारण ती जे दाखवायची ते भयंकर होतं. बॉक्सरचा भार पुढच्या पायावर असतो, म्हणून त्याच पायाच्या मांडीवर लाथा बसायच्या. ठोसा चुकवायला बॉक्सर खाली वाकतो, आणि खाली गुडघा वाट बघत असतो. सरांनी जे जे घोटून घेतलं होतं ते ते इथे एकेक करून काढून टाकावं लागत होतं. मला त्या काळात एवढं कळलं की बॉक्सिंग शिकायला कठीण आहे, आणि एमएमए बॉक्सिंग शिकलेल्याला कठीण आहे. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं. तिची पाटी तर सरांनी खिळ्याने लिहिलेली.

सरांना तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. टीव्हीवर कधी पिंजरा दिसला की सर चॅनल बदलायचे आणि म्हणायचे, कोंबड्यांची झुंज. हॉल तोवर पाडला गेला होता, तिथे टॉवर येणार होता, आणि सरांना त्यांच्या मुलाने कांदिवलीला आपल्याकडे नेलं होतं. आम्ही गेलो की ते विचारायचे, "प्रॅक्टिस चालू आहे ना?" ती म्हणायची, "चालू आहे, सर." ते खोटं नव्हतं.

हळूहळू तिला ते जमू लागलं. खाली पडून लढायलाही ती शिकली. छोट्या तीन फाइट ती जिंकली, सगळ्या रेटारेटीत, कुंपणाला दाबून, गुणांवर. मग ती एक फाइट ठरली. अंधेरीतच, मोठ्या हॉलमध्ये, स्क्रीन वगैरे लावून. आयोजकांनी सांगून टाकलं होतं की जी जिंकेल तिच्याशी ते करार करणार. करार म्हणजे पवई बंद. म्हणजे वर्षभर सराव, बाहेरच्या फाइट, म्हणजे ती जे आहे तेच काम म्हणून करायला मिळणार. आईने तोवर जेवणाच्या ताटावर बोलणं सोडलं होतं, आणि आमच्या घरात तो शेवटचा उपाय असतो. धाकटीने सगळ्यांसमोर सांगितलं, "ही हरले तर बस. परत नाव काढणार नाही." वय अठ्ठावीस. पवईच्या जिमनेही विचारलं होतं, दिवसभर येतेस का. तिने त्यांना फाइटपर्यंत थांबायला सांगितलं. सगळं त्या एका संध्याकाळवर येऊन थांबलं होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

वजनाचा प्रकारही निराळा. बॉक्सिंगमध्ये लढायच्या दिवशी सकाळी वजन करतात, म्हणून फार खेळ करता येत नाही. इथे आदल्या दिवशी करतात. म्हणून अंगातलं पाणी काढून टाकायचं, वजन झालं की पुन्हा भरायचं. आदल्या दिवशी ती घरात प्लास्टिकचा रेनकोट घालून, वर गोधडी घेऊन बसली होती, तीही मेच्या उन्हात, खिडक्या लावून. आई तिच्याकडे बघून म्हणाली, "पोरगी आहे की कुरडई?" पप्पा गॅलरीत उभे होते. ते आत आलेच नाहीत.

फाइट रविवारी संध्याकाळी होती. पप्पा आणि आई आले नाहीत. मी गेले. मला कुंपणाजवळची खुर्ची मिळाली होती, तिच्या कोचच्या समोरच्या बाजूची. पिंजरा आठ बाजूंचा असतो आणि त्याला काळी जाळी असते. मी जाळीतून बघत होते आणि मला वाटलं, याला कोपरेच नाहीत. म्हणजे आहेत, पण सगळे सारखे, आणि एकालाही रंग नाही. मला तेव्हा या विचाराचं काही विशेष वाटलं नाही.

समोरची हरियाणाची होती, कुस्तीतून आलेली, मानेने दणकट. पहिल्या फेरीत तिने धाकटीला दोनदा उचलून आपटलं. धाकटी दोन्ही वेळा निसटली आणि उभी राहिली. कोच ओरडत होता, "छान, छान, लांब ठेव." दुसऱ्या फेरीत ती लांबच राहिली. मग समोरची पाय धरायला खाली आली, आणि धाकटीचा डावा हात आला. मी तो येताना पाहिला. घाटकोपरच्या त्या फरशीवर शेकडो वेळा पाहिला होता. लहान ग्लोव्हचा आवाज वेगळा येतो, कोरडा. समोरची दोन्ही गुडघ्यांवर बसली आणि मग एका कुशीवर कलंडली.

आणि धाकटी वळली. चालत आली, सरळ माझ्या दिशेने. जाळीजवळ थांबली. दोन्ही हात जाळीवर टेकवले आणि तोंड बाहेर करून उभी राहिली.

हॉल उठून उभा राहिला. लोकांना वाटलं ही स्टाइल आहे. या खेळात काही जण एक ठोसा मारतात आणि मागे न बघता चालू लागतात, समोरचा उठणारच नाही याची इतकी खात्री. लोकांना ते फार आवडतं. सगळ्यांचे फोन वर गेले. मी मात्र तिचा चेहरा बघत होते, कारण तो माझ्यासमोर हातभर अंतरावर होता. त्यावर ना गर्व होता ना आनंद. ती शांत होती. चौदा वर्षांची असताना समाजमंदिरातल्या खुर्च्यांच्या चळतीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, तशी. ती वाट बघत होती. मला बरोबर कळलं कशाची, कारण मीही मनात मोजत होते. एक. दोन. तीन.

चारला माझ्या लक्षात आलं की कोणीच मोजत नाहीये. रेफरी हातही वर करत नव्हता आणि थांबवतही नव्हता, नुसता वाकून बघत होता. एमएमएमध्ये मोजत नाहीत. पडलेल्यावर चढायचं असतं, रेफरी ओढून काढेपर्यंत. कोच पलीकडून जिवाच्या आकांताने ओरडत होता, "चढ, चढ." मीही तिचं नाव घेऊन ओरडले. त्या गोंगाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. हरियाणाची एका गुडघ्यावर आली, मग उभी राहिली, आणि मागून येऊन तिने धाकटीच्या कमरेला विळखा घातला.

तरीही धाकटीला कळलं नाही. तिने मान वळवून रेफरीकडे बघितलं. शाळेत रांगेत मागून कोणी ढकललं की मूल बाईंकडे बघतं, तसं. की बघा, ही काय करते, मी तर कोपऱ्यात आहे. मग तिच्या चेहऱ्यावर ते उमटलं. आपण कुठे आहोत ते. तोवर ती खाली होती आणि समोरचीचा हात तिच्या गळ्याभोवती आला होता. तिने खूप वेळ सोसलं. मग मॅटवर तीन वेळा हात आपटला, म्हणजे हार मान्य.

कोच तिला आत घेऊन गेला तेव्हा मी मागे गेले. "तू शायनिंग मारायला गेलीस ना यार," तो म्हणाला. "जिंकली होतीस. दोन ठोसे अजून, बस. कशाला गेलीस शायनिंग मारायला?" तिच्या गळ्यावर लाल पट्टा उठला होता, त्यावरून ती बोट फिरवत होती. मी त्याला बाजूला घेऊन सरांचा नियम सांगितला. त्याने ऐकून घेतलं, आणि बाकड्यावर बसला. मग म्हणाला, "मी किती घोटून घेतलं होतं. पाडलं की चढायचं. सरावात एकदाही चुकली नाही ती." मग त्याच्याही लक्षात आलं. सरावात ती पाय धरून पाडायची आणि चढायची, ते ती अंधेरीतच शिकली होती. ठोशाने सरावात कोणी कोणाला पाडत नाही, हळू मारतात. छोट्या तीन फाइटमध्येही ठोशाने कोणी पडलं नव्हतं. अंधेरीला आल्यापासून त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिच्या डाव्या हाताने कोणीतरी खाली बसलं, आणि तिचे पाय घाटकोपरच्या हॉलमध्ये परत गेले. "हे मला दिसलंच नसतं," कोच म्हणाला. मला त्याची दया आली, आणि मग दया येतेय याचाच राग आला.

करार हरियाणाच्या मुलीला मिळाला. तिने तो मिळवलाच होता, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ती क्लिप मात्र फिरली. कोणीतरी त्यावर गाणं टाकलं, कोणीतरी ती उलटी फिरवली. खाली हसून लोळणारे चेहरे आणि शहाणपण. अतिआत्मविश्वास नडतो, वगैरे. माझ्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी ती मला दाखवली, ती कोण आहे हे माहीत नसताना. मी बघितली आणि शिट्टी वाजवून त्यांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. जगातल्या सगळ्या लोकांना ती मुलगी माजोरडी वाटते, आणि तिने तर फक्त एका पडलेल्या बाईकडे बघायचं टाळलं होतं. हे मी कुणाकुणाला सांगू? मी एक-दोनदा सांगून बघितलं. लोक म्हणाले, अरे वा, इंटरेस्टिंग.

तिने शब्द पाळला. आईला वाटलं होतं महिनाभराने पुन्हा सुरू करेल, पण नाही. ती पवईला दिवसभर जाऊ लागली. तिथे येणाऱ्यांनी क्लिप पाहिली होती. "तुम्ही त्याच ना?" असं विचारून ते सेल्फी मागायचे, आणि सेल्फीसाठी तिला पाठ करून उभं राहायला सांगायचे. तिने मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं. मी विचारलं, "मग तू काय करतेस?" ती म्हणाली, "उभी राहते. काय करणार?" मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल, निदान एखादी शिवी घालेल. तिने मेथीच्या काड्या गोळा करून केराच्या डब्यात टाकल्या.

दिवाळीनंतर आम्ही सरांकडे गेलो. ती टाळत होती. सरांच्या मुलाने मला फोनवर सांगितलं होतं की आता त्यांना फार विसरायला होतं. तरुणपणी डोक्याला बसलेले ठोसे म्हातारपणी परत येतात, असं डॉक्टर म्हणाले. कांदिवलीच्या त्या फ्लॅटमध्ये ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. हात मांडीवर थरथरत होते, आवाज बारीक झाला होता. आम्ही जय भीम केला. मला त्यांनी नीट ओळखलं नाही. तिला लगेच ओळखलं.

"बघितलं मी," ते म्हणाले. "ह्याने दाखवलं फोनवर."

मुलगा दारात अवघडून उभा होता. धाकटीने मान खाली घातली. दोन वर्षं लपवलेलं असं समोर आलं होतं. ती म्हणाली, "सर, ते बॉक्सिंग नव्हतं. मी सांगितलं नाही तुम्हाला."

"माहितेय मला. आंधळा नाही झालो अजून." मला वाटलं आता कोंबड्यांची झुंज येणार. मग त्यांनी थरथरता हात उचलून तिच्या दिशेने बोट केलं. "डावा मारलास. मग गेलीस. बरोबर गेलीस."

ती रडू लागली. फाइटनंतर, क्लिपनंतर, इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा रडली, आणि मी तिला थांबवलं नाही. या सगळ्या शहरात ती चुकली नाही असं म्हणणारा एकच माणूस होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. सर, त्या बरोबर जाण्यानेच तिचं सगळं गेलं. तुम्ही आम्हाला जे चांगलं दिलं ते आमच्या काही कामाचं नाही निघालं. हे कोणाला बोलणार? सर खिडकीबाहेर बघत होते.

चहा आला. सरांनी विचारलं, "मग पुढची बाउट कधी?"

"आता नाही सर," ती डोळे पुसत म्हणाली. "सोडलं मी."

सरांनी मान डोलावली. बशीत चहा ओतला, थोडा सांडला, मुलाने पुसला. मग त्यांनी पुन्हा तिच्याकडे बघितलं, चेहऱ्यावर तीच उत्सुकता घेऊन. "मग पुढची बाउट कधी?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "जानेवारीत आहे, सर."

"पाडशील," सर म्हणाले. "डावा चांगला आहे तुझा. पाडलंस की जायचं. तोंड भिंतीकडे. विसरू नकोस."

"नाही सर," ती म्हणाली. "विसरता येत नाही."